डांबर, मुरूम, कातळ, चिखल: माउंटन बाइकला एकच टायर सगळीकडे चालतो का?

पुण्यात वेताळ टेकडीवर रविवारी सकाळी दिसणारी माउंटन बाइक बहुतेक वेळा तिथवर डांबरी रस्त्यानेच आलेली असते. टेकडी चढायला लागली की मुरूम सुरू होतो. मध्येच उघडा कातळ लागतो, उतारावर सुट्या खड्यांचा घसारा असतो आणि महिना जुलैचा असेल तर त्याच वाटेवर चिखल. तास-दीड तासात चार-पाच तऱ्हेची जमीन चाकाखालून जाते. टायरची जोडी मात्र एकच.

म्हणूनच सायकलच्या दुकानात 'सगळीकडे चालेल असा टायर द्या' ही मागणी हमखास होते. कंपन्याही 'ऑल-राउंड', 'ट्रेल' अशी लेबलं लावून असे टायर विकतात. पण असा टायर खरंच असतो का?

थोडक्यात सांगायचं तर सगळीकडे उत्तम असा टायर कुणीच बनवू शकलेलं नाही. सगळीकडे निभावून नेणारे टायर मात्र आहेत. ते निवडताना सगळ्यांचं लक्ष नक्षीवर असतं. पुढच्या चाकाला कोणता टायर, मागच्याला कोणता आणि आत हवा किती, हे प्रश्न मागे पडतात. पैसे आणि हाडं वाचतात ती मात्र याच प्रश्नांच्या उत्तरांवर.

जमीन टायरकडे काय मागते?

डांबराला उंच नक्षी नको असते. टायरवरचे रबराचे उंचवटे, ज्यांना नॉब म्हणतात, ते डांबरावर दबतात, वाकतात, घुंऽऽ असा आवाज करतात आणि झिजतात. पायातली ताकद त्यात वाया जाते.

मुरुमाची गोष्ट वेगळी. सह्याद्रीत बेसॉल्ट खडक कुजून मुरूम तयार होतो. खालचा थर घट्ट आणि वर बारीक खडी, अशी त्याची रचना असते. नुसता गुळगुळीत टायर या खडीवर गोट्यांवर पाय पडावा तसा सरकतो. इथे नॉब इतके उंच हवेत की वरची खडी बाजूला सारून खालचा घट्ट थर पकडतील. पण फार उंच असतील तर वळणावर तेच लवतात आणि सायकल डगमगते.

कोरड्या कातळावर जवळपास कुठलाही टायर चालतो. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर मात्र सगळा हिशेब उलटा होतो. नॉब दगडात रुतत नाहीत. उलट नॉबमधल्या मोकळ्या जागेमुळे दगडाला टेकणारं रबर कमी होतं. तिथे उपयोग होतो तो मऊ रबराचा आणि कमी हवेचा, कारण तसा टायर दगडाच्या खाचाखोचांवर पसरतो. कोकणातल्या जांभ्याचंही तसंच. उन्हाळ्यात खरखरीत आणि भरवशाचा, पावसाळ्यात शेवाळ धरून निसरडा. शिवाय त्याच्या धारदार कडा टायरच्या बाजूच्या भिंती कापतात.

राहिला चिखल. लाल मातीचा पातळ चिखल दूर-दूर नॉब असलेल्या टायरमधून सुटून पडतो. काळ्या मातीचं मात्र कुठल्याच टायरकडे उत्तर नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, टायरला थरावर थर चढतात आणि शेवटी चाक फ्रेममध्येच अडकतं. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे पावसात शेतातल्या गाडीवाटेने सायकल नेलेल्यांना ती खांद्यावर घेऊन परतायची सवय असते.

नक्षी कशी वाचायची?

टायर समोरून पाहिला तर नॉबचे साधारण तीन पट्टे दिसतात. मधला पट्टा सरळ चालताना आणि ब्रेक लावताना काम करतो. कडेचा पट्टा सायकल वळणावर कलली की जमिनीला लागतो. या दोहोंमध्ये संक्रमणाचा पट्टा असतो. काही टायरमध्ये तो जवळपास रिकामा सोडलेला असतो. असे टायर पूर्ण कलल्यावर घट्ट धरतात, पण अर्धवट कललेल्या अवस्थेत क्षणभर सुटल्यासारखे वाटतात. नवख्याला तो क्षण भीतीदायक असतो. म्हणून सर्व प्रकारच्या वाटांसाठी घेताना मधला पट्टा बऱ्यापैकी सलग, संक्रमणाच्या पट्ट्यातही नॉब आणि कडेला ठसठशीत नॉब, अशी नक्षी बरी.

नॉबवरच्या बारीक चिरांकडेही पाहावं. त्यांना साइप म्हणतात. त्यामुळे रबर अधिक लवचीक होऊन कातळावर पकड वाढते. टायरच्या भिंतीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाणही असतो. तो उलटा बसला तर नॉबच्या उतरत्या आणि उभ्या कडांची कामं उलटसुलट होतात. घाईत बसवलेल्या सायकलींवर ही चूक आश्चर्य वाटावं इतकी दिसते.

दोन्ही चाकांना सारखाच टायर का नको?

दुकानातून येणाऱ्या बहुतेक सायकलींना पुढे-मागे एकसारखे टायर असतात. ती कारखान्याची सोय आहे. दोन्ही चाकांची कामं मात्र वेगळी आहेत.

मागच्या चाकावर जास्त वजन असतं, पायाची ताकद तिथेच उतरते आणि टायर झिजतोही तोच. तो सरकला तर सायकलची शेपूट हलते, पण बहुतेक वेळा स्वार सावरतो. पुढचं चाक दिशा ठरवतं आणि ब्रेकचं मोठं काम करतं. ते वळणावर निसटलं की सावरायला वेळच मिळत नाही. माणूस थेट खांद्यावर किंवा मनगटावर पडतो.

त्यामुळे अनुभवी स्वार पुढे जास्त पकडीचा, मऊ रबराचा, ठळक नॉबचा टायर लावतात आणि मागे थोडा बुटक्या नॉबचा, पटकन पळणारा. मॅक्सिस कंपनीच्या 'मिनियन' या प्रसिद्ध टायरच्या नावातच ही विभागणी आहे. 'डीएचएफ'मधला एफ म्हणजे फ्रंट आणि 'डीएचआर'मधला आर म्हणजे रिअर. हे दोन्ही तीव्र उतारांसाठी बनलेले, जड टायर. टेकडीवर जायला रोज दहा किलोमीटर डांबर तुडवणाऱ्याला ते छळतील. त्याच्यासाठी श्वाल्बेच्या 'नॉबी निक'सारखा मधल्या वर्गातला टायर पुढे आणि व्हिटोरियाच्या 'मेझ्काल'सारखा बुटक्या, दाट नॉबचा टायर मागे, अशी जोडी जास्त शहाणपणाची. नावं बदलली तरी चालेल, तत्त्व तेच.

इथे खिशाचाही प्रश्न येतो. परदेशी ब्रँडच्या दोन चांगल्या टायरची किंमत सुरुवातीच्या श्रेणीतल्या सायकलच्या मानाने डोळ्यांत भरते. बजेट एकाचंच असेल तर नवा टायर पुढे लावावा आणि पुढचा जुना, पण अजून नॉब शाबूत असलेला टायर मागे सरकवावा. अनेकांचा हात आपोआप उलट दिशेला जातो, कारण झिजलेला दिसतो तो मागचा. मागचा गुळगुळीत टायर काढून तिथे नवाकोरा टायर बसतो आणि उतारावर जीव ज्याच्या भरवशावर असतो तो पुढचा तसाच जुना राहतो.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

'29 x 2.25' म्हणजे चाकाचा आणि रुंदीचा इंचातला आकडा. खरेदी करताना त्याच्याजवळ छापलेला '57-622' असा दुसरा आकडा जास्त भरवशाचा. यातले 57 मिलिमीटर ही टायरची रुंदी आणि 622 मिलिमीटर हा रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास. 27.5 इंची चाकासाठी तो 584 आणि 26 इंची माउंटन बाइकसाठी 559 असतो. हा शेवटचा आकडा जुळला नाही तर टायर बसणार नाही, दुकानदार काहीही म्हणो.

रुंदीचं महत्त्व माउंटन बाइकच्या जन्मापासूनचं आहे. 1970च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीतली काही तरुण मंडळी जुन्या श्विन सायकली घेऊन माउंट टॅमलपाइसच्या उतारावरून सुसाट येत. 1976पासून याच काउंटीत 'रिपॅक' नावाच्या शर्यती सुरू झाल्या. उतारावर ब्रेक इतका तापायचा की त्यातलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून हे नाव. त्या जुन्या सायकली निवडण्याचं एक मोठं कारण होतं त्यांचे 2.125 इंची फुगीर टायर. आजचा सर्वसाधारण ट्रेल टायर त्याहून अवघे काही मिलिमीटर रुंद आहे.

संमिश्र वाटांसाठी 2.2 ते 2.4 इंच ही रुंदी बहुतेकांना पुरते. त्याआधी सायकल काय सामावून घेऊ शकते ते मोजावं. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना निदान 6 मिलिमीटर मोकळी जागा हवी, चिखलात फिरायचं तर आणखी. स्वस्त सायकलींचे रिमही अरुंद असतात. त्यावर 2.4 इंची टायर चढवून हवा कमी ठेवली तर टायर वळणावर डुलतो.

रबर आणि आतलं कापड

रबराचा मऊपणा 'शोअर ए' या मापात मोजतात. 50च्या आसपास मऊ, 60च्या आसपास मधला आणि 70कडे कडक. मऊ रबर चिकटतं आणि लवकर झिजतं. महाराष्ट्रातल्या रणरणत्या डांबरावर तर आणखीच लवकर. म्हणून मधला पट्टा कडक आणि कडा मऊ, असे दुहेरी रबराचे टायर संमिश्र वापराला सोयीचे पडतात.

रबराच्या आत धाग्यांचं कापड असतं. 'टीपीआय' म्हणजे एका इंचात किती धागे. 120 टीपीआयचं कापड तलम, हलकं आणि लवचीक, तर 60चं जाडजूड. आकडा मोठा म्हणजे टायर भारी, असा समज आहे. टोकदार बेसॉल्ट आणि जांभ्याच्या वाटांवर 60 टीपीआयचा थोडा जड टायर कित्येकदा जास्त टिकतो.

हवा किती भरायची?

या विषयातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. टायरच्या भिंतीवर '65 पीएसआय'सारखा जो कमाल आकडा छापलेला असतो, तो मर्यादा सांगतो. पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरवाल्याकडे मात्र तो शिफारस समजून तेवढी हवा भरली जाते. मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असेल तर पंपावर काही सेकंदांत टायर दगड होतो. असा टायर खड्यांवरून उड्या मारतो, मनगटं दुखतात आणि पकड जाते. मग दोष टायरच्या नक्षीला दिला जातो.

साधारण 70 किलोच्या स्वाराने 2.25 इंची टायर ट्यूबसह वापरताना पुढे 26 ते 28 आणि मागे 28 ते 31 पीएसआयपासून सुरुवात करावी. वजन जास्त असेल तर थोडी वाढवावी. खडबडीत वाटेवर कमी हवेचा टायर जास्त दमवतो, हा समजही खरा नाही. कडक टायर प्रत्येक दगडावर सायकल आणि माणूस दोघांना वर उचलतो, त्यात ताकद जाते. थोडा मऊ टायर तोच दगड पोटात घेतो. गुळगुळीत डांबरावर मात्र जास्त हवाच बरी. म्हणून घरून निघताना 40 आणि टेकडीच्या पायथ्याशी थोडी हवा सोडून 28, असा सोपा उपाय करता येतो. परतीसाठी छोटा हातपंप जवळ हवा.

हवा फारच कमी झाली तर दगडावर आदळताना ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटली जाते. सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन छिद्रं दिसली की समजावं, काटा शोधण्यात अर्थ नाही, पुढच्या वेळी दोन-तीन पीएसआय जास्त हवे.

काट्यांचं काय?

बाभूळ, बोर आणि सराटा या त्रिकुटापुढे महागडा टायरही हात टेकतो. अमेरिकेच्या कोरड्या भागातले सायकलस्वार ज्या 'गोटहेड' काट्याला वैतागलेले असतात तो आपला सराटाच. वनस्पतीही एकच, ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. तिथल्या स्वारांनी काढलेला मार्ग म्हणजे ट्यूबलेस टायर. ट्यूब काढून टाकायची आणि टायरमध्ये सीलंट नावाचं द्रव ओतायचं. काटा रुतला की बाहेर पडणारं सीलंट तिथेच गोठून छिद्र बुजतं. चिमटायला ट्यूबच नसल्याने हवाही तीन-चार पीएसआयने कमी ठेवता येते, म्हणजे पकड आणखी वाढते.

यासाठी टायर आणि रिम दोन्ही 'ट्यूबलेस रेडी' असावे लागतात. सुरुवातीच्या श्रेणीतल्या पुष्कळ सायकलींचे रिम तसे नसतात. त्यांच्यासाठी ट्यूबमध्येच सीलंट घालणं हा मधला मार्ग. सीलंट काही महिन्यांत सुकतं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. मार्चमध्ये भरलेलं सीलंट पावसाळ्याआधी एकदा टायर उघडून पाहावं. आत रबराचा सुकलेला पापुद्रा निघाला तर नवं भरायची वेळ झालेली असते.