राखमिश्रित काँक्रीट व त्यातील रसायने : बांधकाम-खर्चाविषयी थोडे विवेचन

आपल्या रुग्णालयाच्या विस्तारित इमारतीच्या खर्चपत्रकात 'अ‍ॅडमिक्श्चर' या नावाचा एक रकाना आहे. सिमेंट-लोखंडाच्या मानाने रक्कम अल्प असली, तरी काही देणगीदार बंधू-भगिनींनी त्याविषयी पृच्छा केली. सिमेंटमध्ये राख असते हे ऐकून तर रुग्णांच्या काही नातेवाइकांच्या मनात, धर्मादाय काम म्हणून ते हलक्या प्रतीचे होत नाही ना, अशी शंका आली. प्रश्न रास्त आहे. या छताखाली रुग्ण निजणार आहेत आणि पैसा समाजाचा आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे, अभियंते नव्हे. तथापि देयकावर स्वाक्षरी करण्यापूर्वी जे समजून घेतले, ते येथे सादर करीत आहोत.

ही राख चुलीतील नव्हे. औष्णिक वीज केंद्रात कोळशाची पूड जळताना धुराबरोबर वर जाणारी अतिसूक्ष्म राख यंत्राद्वारे पकडली जाते. तीच 'फ्लाय अ‍ॅश'. आपल्या जिल्ह्यात वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत आणि शेजारी चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे, त्यामुळे हा पदार्थ आपल्याला परका नाही. 'पोर्टलंड पोझोलाना सिमेंट'च्या गोणीत ही राख भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के असतेच. आपल्या राज्यातील घाटघर जलविद्युत प्रकल्पाच्या धरणांच्या काँक्रीटमध्ये तर सिमेंटहून राख अधिक आहे.

सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून काही चुना मोकळा होतो. राखेतील सिलिका या चुन्याशी संयोग पावून नवा बंधक पदार्थ तयार करते, त्याने काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे भरतात आणि पाणी झिरपणे कमी होते. मात्र ही क्रिया संथ असते. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ही मुदत ठेव आहे : पहिल्या आठवड्यात हाती थोडे लागते, परंतु तीन महिन्यांनी ताकद साध्या सिमेंटच्या बरोबरीने किंवा त्याहून अधिक भरते.

प्रारंभीची ही उणीव भरून काढण्यास रसायनाची मदत होते. सिमेंटचे कण पाण्यात एकमेकांस चिकटून गोळे होतात व त्यात पाणी अडकून पडते. 'सुपरप्लास्टिसायझर' या कणांना परस्परांपासून दूर ठेवते, अडकलेले पाणी मोकळे होते आणि सुमारे २० टक्के किंवा त्याहून अधिक पाणी कमी वापरूनही काँक्रीट तितकेच प्रवाही राहते. पाणी कमी, म्हणून ताकद अधिक. ओतणे सोपे जावे म्हणून मिस्त्री आणखी एक बादली पाणी टाकू पाहतो, तेव्हा रसायनावरील सारा खर्च त्या बादलीत वाहून जातो. म्हणूनच अशा वेळी देखरेखीचा माणूस उभा असणे आम्हास रसायनाइतकेच आवश्यक वाटते.

राखेत न जळालेला कोळसा अधिक राहिल्यास तो रसायन शोषून घेतो. विषबाधेच्या काही रुग्णांना दिला जाणारा सक्रिय कोळसा ज्या गुणाने विष धरून ठेवतो, तोच हा गुण; फरक इतकाच, की तेथे तो तारक आणि येथे मारक. त्यामुळे मात्रा कंपनीच्या पत्रकावरून न ठरवता, प्रत्यक्ष वापरावयाचे सिमेंट, राख व रसायन यांचे चाचणी-मिश्रण करूनच ठरवावी लागते. मात्रा मोजताना केवळ सिमेंटचे नव्हे, तर राखेसह एकूण वजन धरण्याची पद्धत आहे.

घट्ट होणे लांबवणारे 'रिटार्डर' आपल्याकडील मे महिन्यातील उन्हात उपयोगी पडते. परंतु राखही मुळात संथच. त्यात रिटार्डर जास्त झाल्यास स्लॅब तासन्‌तास ओला राहतो, वरचा थर मात्र उन्हाने सुकून तडकतो. याउलट, लवकर घट्ट व्हावे म्हणून कॅल्शियम क्लोराइडयुक्त रसायन वापरणे लोखंडी सळयांना गंज आणणारे असल्याने ते आम्ही स्वस्त असूनही नाकारले.

राहता राहिले पाणी मारणे. भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार राखमिश्रित काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवावे लागते, आणि ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी अशी शिफारस आहे. २०१८ च्या उन्हाळ्यातील यवतमाळची पाणीटंचाई आपल्या स्मरणात असेल. येथे चौदा दिवसांचे पाणी म्हणजे टँकरचा खर्च. रसायन ओतताना पाणी वाचवते, नंतरचे पाणी मात्र वाचवत नाही. ओले गोणपाट अंथरून आम्ही पूर्ण १४ दिवस क्युरिंग केले व सेंटरिंग घाईने काढू दिले नाही. टँकरची देयके त्याच कारणाने वाढलेली दिसतील.

चाचणी-मिश्रणाच्या नोंदी तसेच ७ व २८ दिवसांच्या क्यूब चाचणीचे अहवाल रुग्णालयाच्या कार्यालयात ठेवले आहेत. देणगीदार, विश्वस्त अथवा रुग्णांचे आप्त यांपैकी कोणासही ते कार्यालयीन वेळेत पाहता येतील.