चुन्यावाचून उभे देऊळ

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातून मनमाड रस्त्याने निघावे, पुढे संगमनेर, अकोले, राजूर ही गावे मागे टाकावीत, म्हणजे त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत रतनवाडी लागते. जवळच रतनगडाच्या डोंगरात प्रवरा नदी उगम पावते. गाव लहान, पण तेथील अमृतेश्वराचे प्राचीन शिवालय पाहणाऱ्याचे पाय थबकतात.

मंडपातील कोरीव खांब डोळ्यांत भरतात; परंतु खरे नवल दगडांच्या सांध्यांत आहे. घडीव काळे दगड एकावर एक रचलेले. मध्ये चुना नाही. असे असता छत कोसळत कसे नाही? छत रचताना प्रत्येक थर खालच्या थराहून किंचित आत सरकवतात. पुढे आलेले टोक झुकू पाहते. पण त्याच दगडाचा मागचा भाग वरच्या भाराखाली घट्ट दाबलेला असतो. मेजाच्या कडेबाहेर पुस्तक थोडे सरकवून मागे वजन ठेवावे, तसाच हा प्रकार. चहूंकडचे थर पुढे येत येत अखेर एका दगडाने मिटतात.

लोक अशा देवळांना हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. याच परंपरेतील अंबरनाथच्या शिवालयात मात्र इ. स. १०६० चा शिलालेख आहे. तेव्हा ही कला हेमाद्रीहून दोनशे वर्षे तरी जुनी ठरते.

अमृतेश्वर हे संरक्षित स्मारक आहे. आळीतल्या, वेशीजवळच्या जुन्या महादेवाला ते भाग्य क्वचितच लाभते. पक्ष्याने टाकलेले पिंपळाचे बी शिखराच्या सांध्यात रुजते. रोप कोवळे असताना सहज उपटता येते. पण पिंपळ पवित्र, म्हणून हात धजत नाही. पुढे मुळे जाड होऊन दगड जागचे हलवतात. दुसरा शत्रू तर भक्तीच्या रूपाने येतो. भाविक वर्गणी काढून देवळाला चकचकीत तेलरंग देतात. त्याखाली नक्षीचे बारकावे बुजतात आणि दगडात मुरलेल्या ओलीला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. मग पापुद्रे सुटू लागतात. रंग खरवडावा, तर कोरीव कामही झिजते. म्हणून जाणकार आधी एखाद्या कोपऱ्यात हातभर जागेवर प्रयोग करून पाहतात आणि मगच उरलेल्या भिंतीला हात लावतात.