रकान्यातले आणि रकान्याबाहेरचे: हिस्पॅनिक व आर्मेनियन समाजांच्या तुलनेतील गैरसमज

दक्षिण कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस काउंटीची, म्हणजे साधारण जिल्ह्याच्या तोडीच्या प्रशासकीय विभागाची, लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत एक कोटीच्या घरात होती आणि तिच्यातील जवळजवळ निम्मे लोक हिस्पॅनिक म्हणून नोंदले गेले होते. याच काउंटीतील ग्लेंडेल या सुमारे दोन लाख वस्तीच्या शहरात आर्मेनियाबाहेरील आर्मेनियन लोकांच्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक आहे. शेजारी राहणाऱ्या या दोन समाजांची तुलना वरचेवर केली जाते आणि तिचा साचाही ठरून गेलेला आहे: आर्मेनियन मूठभर असूनही दुकाने, घरे आणि नगरपालिका यांवर जम बसवणारे, तर हिस्पॅनिक संख्येने प्रचंड असूनही मजुरीत अडकलेले, आणि कारण विचारले की एकाच्या चिकाटीचा व दुसऱ्याच्या कथित अनास्थेचा दाखला दिला जातो. हा साचा ज्या समजुतींवर उभा आहे त्यांतील बहुतेक तपासणीत टिकत नाहीत, आणि तपासणीला प्रारंभ नावांपासूनच करावा लागतो.

हिस्पॅनिक हा एक वंश आहे, ही त्यांतील पहिली समजूत. प्रत्यक्षात हा सरकारी मोजणीसाठी घडवलेला प्रवर्ग असून अमेरिकेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने १९७७ मध्ये काढलेल्या निर्देशाने त्याला अधिकृत रूप आले आणि १९८०च्या जनगणनेत हिस्पॅनिक मूळ आहे काय, हा प्रश्न प्रथमच सर्व रहिवाशांना विचारण्यात आला. स्पॅनिश भाषा व संस्कृतीशी नाते असलेल्या कोणत्याही वंशाच्या माणसाला हा शब्द लागू होतो; लॅटिनो हा त्याचा जोडशब्द मात्र लॅटिन अमेरिकेच्या भूगोलावरून आलेला आहे. या छत्रीखाली सुमारे साठ टक्के मेक्सिकन मूळ असलेले लोक आहेत, १९१७ पासून जन्मतःच अमेरिकी नागरिक ठरणारे पोर्तो रिकन आहेत, क्यूबन आहेत आणि एल साल्व्हादोरच्या यादवीतून निसटून आलेलेही आहेत. याउलट आर्मेनियन हा स्वतःची भाषा, पाचव्या शतकाच्या आरंभी मेस्रोप माश्तोत्स यांनी रचलेली लिपी आणि स्वतंत्र चर्च असलेला एक जनसमाज आहे. एका बाजूला प्रवर्ग आणि दुसऱ्या बाजूला समाज अशी ही तुलना, ‘दक्षिण आशियाई’ आणि ‘पारशी’ यांना एकाच तराजूत घालावे, तशी आहे.

आर्मेनियन हे युरोपीय गोऱ्यांपैकीच असल्यामुळे त्यांची वाट पहिल्यापासून मोकळी होती, ही समजूत अधिक खोलवर रुजलेली असल्याने तिचा इतिहास सविस्तर पाहणे योग्य ठरेल. १९५२ पर्यंत अमेरिकी नागरिकत्वाच्या कायद्याला वंशाची अट होती आणि बाहेरून आलेल्या माणसाला नागरिक होण्यासाठी बहुतेक वेळा आपण ‘गोरे’ आहोत हे सिद्ध करावे लागे. आर्मेनियन अर्जदारांच्या बाबतीत १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील हलाजियन खटल्यात निकाल अनुकूल लागला, पण प्रश्न मिटला नाही. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस शास्त्रीय वर्गीकरणाने कॉकेशियन असला तरी सर्वसामान्यांच्या समजुतीप्रमाणे गोरा नव्हे, असे ठरवले. त्या निकालाचा आधार घेऊन सरकारने ओरेगनमधील पोर्टलंड शहरातले गालिच्यांचे व्यापारी तातोस कार्तोझियन यांचे नागरिकत्व रद्द करण्याचा दावा लावला. फ्रान्झ बोआस यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञाची साक्ष त्यात घेतली गेली, आर्मेनियन लोक युरोपीयांत किती सहज मिसळतात याचे पुरावे मांडले गेले, आणि १९२५ मध्ये न्यायाधीश वुल्व्हर्टन यांनी आर्मेनियन गोरे असल्याचा निर्वाळा दिला. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्या नावापाशी मराठी वाचक साहजिकच थबकेल. पंडितांच्या स्वतःच्या नागरिकत्वावरही सरकारने दावा लावला होता आणि तो खटला मात्र त्यांनी जिंकला.

या कज्ज्यांत प्रतिष्ठेइतकाच जमिनीचा प्रश्न गुंतलेला होता, कारण कॅलिफोर्नियाच्या १९१३च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परकीयांना शेतजमिनीची मालकी नाकारली होती आणि फ्रेझ्नोच्या परिसरात द्राक्षमळे व बेदाण्याच्या धंद्यात शिरलेल्या आर्मेनियन कुटुंबांचे सारे भवितव्य ‘गोरे’ या एका शब्दावर अवलंबून होते. कागदावरचा गोरेपणा मिळूनही त्याच फ्रेझ्नोमध्ये घरांच्या खरेदीखतांत आर्मेनियनांना विकू नये अशा अटी घातल्या जात, आणि १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी घटनाबाह्य ठरवीपर्यंत त्यांना न्यायालयाचे पाठबळ होते. मेक्सिकन लोकांची स्थिती या बाबतीत आश्चर्य वाटावे इतकी समांतर आहे. १८४८च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा मोठा प्रदेश अमेरिकेकडे गेला, तेथील रहिवाशांना नागरिकत्वाचा पर्याय मिळाला आणि त्या तहाच्या आधारे १८९७ मध्ये टेक्ससमधील एका न्यायालयाने मेक्सिकन माणूस नागरिक होऊ शकतो असे मान्य केले. म्हणजे कायद्याच्या लेखी तेही गोऱ्यांच्या बाजूलाच धरले गेले. तरीही १९३०च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश म्हणून घातला गेला आणि पुढच्या जनगणनेत काढून टाकला गेला, तर ऑरेंज काउंटीतील शाळा मेक्सिकन मुलांना वेगळ्या इमारतींत बसवत राहिल्या. ही विभागणी मेंडेझ खटल्यात १९४६ मध्ये बेकायदा ठरली आणि १९४७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल कायम केला. कायद्याने गोरे आणि व्यवहारात परके, हा अनुभव दोघांच्याही वाट्याला आला, ही गोष्ट आजच्या तुलनांत जवळजवळ कधीच येत नाही.

दोन्ही समाजांची आर्थिक आकडेवारी शेजारी ठेवून निष्कर्ष काढता येतो, हा समज अभ्यासकांनाही चकवतो. हिस्पॅनिकांची आकडेवारी विपुल आहे: २०२३ मध्ये हिस्पॅनिक कुटुंबांचे मध्यक उत्पन्न, म्हणजे ज्याच्या वर निम्मी व खाली निम्मी कुटुंबे असतात तो आकडा, सुमारे ६५,५०० डॉलर होता, देशाचा सुमारे ८०,६००, दारिद्र्यरेषेखालील प्रमाण हिस्पॅनिकांत १६.६ टक्के, तर देशात ११.१ टक्के. आर्मेनियन मात्र बहुतेक सरकारी कोष्टकांत ‘गोरे’ या रकान्यात विरघळून जातात आणि त्यांचा माग मुख्यतः नमुना पाहणीत विचारल्या जाणाऱ्या वंशपरंपरेच्या प्रश्नातून काढावा लागतो, ज्याला काय उत्तर द्यायचे हे पुष्कळदा माणसाच्या मनावर असते. सरकारी मोजणीत त्यांची संख्या पाच लाखांच्या आसपास येते आणि समाजाच्या संस्था तिच्या दुपटीचा किंवा त्याहून मोठा आकडा सांगतात. परिणामी गरीब मेक्सिकन कुटुंब हिस्पॅनिक दारिद्र्याच्या आकड्यात दिसते, गरीब आर्मेनियन कुटुंब गोऱ्यांच्या सरासरीत लपते. मार्च २०२४ मध्ये अर्थसंकल्प कार्यालयाने वर्गीकरण सुधारून मध्य-पूर्व व उत्तर आफ्रिका असा नवा रकाना आणला, पण त्याखाली नमूद केलेल्या समूहांत आर्मेनियनांचे नाव नाही आणि त्यांचा प्रश्न पुढील संशोधनावर सोपवण्यात आला.

रकान्याला पैशाचे मोलही असते. लघुउद्योगांना सरकारी कंत्राटांत प्राधान्य देणाऱ्या संघराज्य सरकारच्या योजनेत काही समूह सामाजिकदृष्ट्या वंचित आहेत असे गृहीतच धरले जात असे. हिस्पॅनिक त्या यादीत होते आणि आर्मेनियन नव्हते. १९८२ पासून त्या यादीत ‘उपखंडीय आशियाई’ही होते, त्यामुळे पुण्याहून गेलेला एखादा अभियंता त्या गृहीतकाचा लाभार्थी ठरू शकत होता आणि येरेवानहून निर्वासित म्हणून आलेला गवंडी नाही. २०२३ मध्ये टेनेसीतील न्यायालयाने हे गृहीतकच रोखले.

सर्वांत महत्त्वाचा गैरसमज मात्र यशाच्या कारणाविषयीचा आहे. चिकाटी, कुटुंबनिष्ठा, धर्मश्रद्धा, व्यापारी वृत्ती हे गुण आर्मेनियनांच्या खाती लिहिले जातात आणि ते खोटे आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. पण रविवारी चर्च, तीन पिढ्यांचे एकत्र जेवण आणि मायदेशी पैसे धाडणे या गोष्टी मेक्सिकन किंवा साल्व्हादोरन घरांतही तितक्याच दिसतात, आणि एकट्या मेक्सिकोला २०२३ मध्ये बाहेरून ६० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आली. ज्या गुणांनी दोन्ही घरे सारखीच सजलेली आहेत ते गुण त्यांच्यातील फरकाचे कारण होऊ शकत नाहीत. फरक शोधायचा तर माणूस देशात कोणत्या दरवाजाने शिरला हे पाहावे लागते. १९७० आणि १९८०च्या दशकांत सोव्हिएत आर्मेनियातून आलेल्या पुष्कळांना निर्वासिताचा दर्जा मिळाला, आणि या दर्जाबरोबर कामाचा परवाना, सुरुवातीचे आर्थिक साहाय्य, वैद्यकीय मदत, एका वर्षाने कायम वास्तव्याचा आणि पाच वर्षांनी नागरिकत्वाचा मार्ग या गोष्टी ओघानेच येत. त्याच १९८०च्या दशकात साल्व्हादोरन लोक यादवीतून जीव वाचवून त्याच लॉस एंजेलिसमध्ये उतरत होते, पण ते ज्या सरकारपासून पळाले ते अमेरिकेच्या मित्रपक्षाचे असल्याने त्यांच्या आश्रयाच्या अर्जांपैकी शंभरात तीनही मंजूर होत नव्हते; या पक्षपाताविरुद्धच्या दाव्यात १९९१ मध्ये तडजोड होऊन अर्जांची फेरतपासणी मान्य करावी लागली. शीतयुद्धात शत्रूच्या देशातून येणे लाभाचे होते, मित्राच्या देशातून येणे तोट्याचे.

हे अनुमान पारखण्याची सोय हिस्पॅनिक प्रवर्गातच आहे. क्यूबन लोक स्पॅनिश बोलतात, बहुतेक कॅथलिक परंपरेतले आहेत आणि त्याच रकान्यात मोजले जातात, तरी १९६६च्या खास कायद्याने त्यांना कायम वास्तव्याची वाट खुली झाली आणि त्यांची मायामीतील वाटचाल ग्लेंडेलच्या आर्मेनियनांच्या वाटचालीला मेक्सिकनांच्या वाटचालीपेक्षा जवळची राहिली, अर्थात पहिल्या लाटेतील क्यूबनांचे शिक्षण व भांडवल हेही त्यात धरले पाहिजे. मेक्सिकन मजुरांना १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेखाली शेतांवर कंत्राटाने आणले गेले; योजना संपली, १९६८ पासून पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर प्रथमच संख्यामर्यादा आली, शेतांना लागणारी माणसे मात्र कमी झाली नाहीत, आणि काल कायदेशीर असलेली तीच ये-जा बेकायदा ठरली. १९८६च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांचे वास्तव्य नियमित केले. ज्यांना कागद मिळाले त्यांना मालक बदलणे आणि कर्ज काढणे शक्य झाले, ज्यांना मिळाले नाहीत त्यांतील पुष्कळ जण आजही बांधकाम, शिलाई आणि बागकाम यांच्या रोख मजुरीत आहेत. रस्त्यावर फळे विकणारा मेक्सिकन फेरीवाला हाही उद्योजकच, पण कॅलिफोर्नियात २०१८च्या कायद्यापर्यंत त्याच्या उद्योगावर फौजदारी कारवाई होऊ शकत होती.

आर्मेनियन सरसकट संपन्न आहेत, हेही खरे नाही. बैरूतमधून १९७५ नंतरच्या यादवीत आलेल्यांपाशी सोनारकामाचे कसब आणि व्यापाराची नाती होती, ज्यांच्या बळावर त्यांनी लॉस एंजेलिसच्या जवाहिर बाजारात बस्तान बसवले. १९७९च्या क्रांतीनंतर इराणमधून आलेल्यांत शिक्षित व भांडवलदार अधिक होते. सोव्हिएत आर्मेनियातून आलेल्यांची पदवी मात्र पुष्कळदा अमेरिकेत ग्राह्य धरली गेली नाही, आणि अभियंत्याला टॅक्सी चालवावी लागली. त्यांच्यातील अनेक वृद्ध सरकारी निर्वाहभत्त्यावर जगत, आणि १९९६च्या कायद्याने नागरिक नसलेल्या निर्वासितांच्या भत्त्याला काही वर्षांची मर्यादा घातली तेव्हा इंग्रजीचे चार शब्द न येणाऱ्या आजीलाही नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करणे भाग पडले. ग्लेंडेलमधील निम्म्याहून अधिक घरांत आजही भाडेकरूच राहतात.

हिस्पॅनिकांविषयीच्या उरलेल्या समजुती थोडक्यात निकाली निघण्यासारख्या आहेत. अमेरिकेतील हिस्पॅनिकांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोक अमेरिकेतच जन्मलेले आहेत आणि पाचांपैकी चार नागरिक आहेत. शाळा अर्धवट सोडलेल्या तरुणांचे प्रमाण २००० मध्ये २८ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०२१ पर्यंत आठ टक्क्यांवर आले. उत्पन्न कमी असूनही त्यांचे सरासरी आयुर्मान २०१९ मध्ये जवळपास ८२ वर्षे, म्हणजे बिगर-हिस्पॅनिक गोऱ्यांपेक्षा तीन वर्षांनी अधिक होते. या कोड्याला आरोग्यशास्त्रात ‘हिस्पॅनिक विरोधाभास’ म्हणतात आणि त्याचे एक कारण धूम्रपानाच्या कमी प्रमाणात सापडते.

राहिला परस्परवैराचा समज. सॅन फर्नांडो खोऱ्यातील काही शाळांत १९९० आणि २०००च्या दशकांत आर्मेनियन व लॅटिनो मुलांच्या मारामाऱ्या झाल्या, टोळ्याही होत्या, आणि बातम्यांनी त्यालाच दोन समाजांचे नाते ठरवून टाकले. पूर्व हॉलिवूडच्या ज्या भागाला २००० मध्ये ‘लिट्ल आर्मेनिया’ हे अधिकृत नाव मिळाले, तेथील रहिवाशांत लॅटिनोंची संख्या मोठी आहे; तेथे लवाश नावाची पातळ रोटी भाजणाऱ्या बेकरीत शेजारच्या स्पॅनिश बोलणाऱ्या कामगाराचे जाणे-येणे रोजचे असते. शिवाय हे दोन गट एकमेकांपासून पूर्णपणे वेगळेही नाहीत. आर्मेनियनांच्या १९१५च्या वंशसंहारातून वाचलेल्यांपैकी हजारो लोक दक्षिण अमेरिकेत पोहोचले, आणि त्या वंशसंहाराला १९६५ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश उरुग्वे होता. ब्वेनोस आइरेसमध्ये जन्मलेला, घरी आर्मेनियन आणि बाहेर स्पॅनिश बोलणारा माणूस ग्लेंडेलमध्ये येऊन जनगणनेचा अर्ज भरतो, तेव्हा तो हिस्पॅनिकांतही मोजला जातो आणि आर्मेनियनांतही.