छंद-प्रकल्पांसाठी पीसीबी आरेखन सॉफ्टवेअरची निवड : 'मोफत' आणि 'मुक्त' यांतील भेद

प्रस्तावना

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेला विद्यार्थी ब्रेडबोर्डवर परिपथ जुळवतो, तो चालतो आणि दुसऱ्या दिवशी एखादी तार सैल होऊन बंद पडतो. या टप्प्यावर छापील परिपथ फलकाची, म्हणजेच पीसीबीची, गरज निर्माण होते. पूर्वी तांब्याचा थर असलेल्या फलकावर रंगाने हाताने मार्ग काढून तो फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवला जाई. आज हे आरेखन संगणकावर होते व त्यासाठी पैसे न मोजता मिळणारी अनेक सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. विद्यार्थी ज्यावर पहिला फलक आखतो, त्याचीच सवय त्याला जडते आणि पुढील अनेक वर्षांचे काम त्याच स्वरूपातील फाइल्समध्ये साठत जाते. म्हणून प्रयोगशाळेत कोणते सॉफ्टवेअर बसवावे, हा निर्णय वाटतो तितका किरकोळ नाही.

ईगलचा अनुभव

जर्मनीतील कॅडसॉफ्ट या कंपनीने १९८८ मध्ये आणलेले ईगल हे दीर्घकाळ छांदिष्टांचे आवडते साधन होते. त्याची मोफत आवृत्ती दोन थरांपुरती व लहान आकाराच्या फलकापुरती मर्यादित होती. तरीही घरगुती कामास ती पुरत असे. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने ईगल विकत घेतले, २०१७ पासून त्याची विक्री वर्गणीच्या पद्धतीने होऊ लागली आणि २०२३ मध्ये, ७ जून २०२६ पासून ईगलची विक्री व साहाय्य बंद होईल, असे कंपनीने जाहीर केले. यात बेकायदेशीर असे काहीच नाही. मालकीच्या वस्तूचे काय करावे हे मालक ठरवतो. परंतु ज्या महाविद्यालयाच्या कपाटात दहा वर्षांचे प्रकल्प ईगलच्या स्वरूपात पडून आहेत, त्याला हा निर्णय कोणी विचारून घेतलेला नसतो.

येथे मराठीतील दोन शब्द उपयोगी पडतात. जे पैशांवाचून मिळते ते मोफत. ज्याची मूळ संहिता खुली आहे आणि जे वापरण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क कोणी परत घेऊ शकत नाही ते मुक्त. ईगलची छोटी आवृत्ती मोफत होती, मुक्त नव्हती. आजचे ईझीईडीएही तसेच आहे. ते ब्राउझरमध्ये चालते, शिकण्यास सोपे आहे आणि एलसीएससी या घटकविक्रेत्याच्या साठ्याशी व जेएलसीपीसीबी या फलक-निर्मात्याशी जोडलेले असल्याने आरेखनातूनच मागणी नोंदवता येते. दोन दिवसांत एकच फलक हवा असलेल्या विद्यार्थ्याने ते वापरले तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र अभ्यासक्रमाचा पाया त्यावर घालणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात विहीर खणणे होय.

कीकॅडचा विचार

मुक्त पर्यायांपैकी कीकॅड आज सर्वांत समर्थ आहे. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये त्याचा आरंभ केला. २०१३ पासून युरोपातील सर्न या अणुसंशोधन संस्थेचे त्याच्या विकासास पाठबळ लाभले. फलकाच्या आकारावर त्यात बंधन नाही, ३२ ताम्रथरांपर्यंत आखणी करता येते, आणि २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून ईगलच्या एक्सएमएल स्वरूपातील फाइल्सही उघडता येतात. त्याच्या स्वतःच्या फाइल्स साध्या मजकुराच्या असतात. उद्या सॉफ्टवेअर उरले नाही तरी त्या वाचता येतील. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने विकसित केलेले ई-सिम हे कीकॅड व एनजीस्पाइस यांच्याच आधारावर उभे आहे, हीदेखील येथील अध्यापकांना जमेची बाब ठरावी.

त्यात उणिवा नाहीत असे नव्हे. मार्ग आपोआप आखणारी सोय कीकॅडमध्ये अंगभूत नाही. त्यासाठी फ्रीराउटिंग हे वेगळे साधन जोडावे लागते. नवशिक्याच्या दृष्टीने ही उणीव फारशी खेदाची नाही, कारण पहिले दहा फलक हाताने आखल्यावाचून ग्राउंडचा मार्ग रुंद का हवा हे उमगत नाही. खरी अडचण दुसरी आहे. घटकाचे चिन्ह आणि फलकावरील त्याच्या पायांची मांडणी या दोन गोष्टी येथे बहुधा स्वतंत्र असतात व त्यांची जोडी वापरणाऱ्यास लावावी लागते. बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरची सपाट बाजू समोर व पाय खाली धरल्यास डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २एन ३९०४ मध्ये तो नेमका उलटा, एमिटर, बेस, कलेक्टर असा असतो. दोहोंचे आवरण एकच. एकाचे चिन्ह घेऊन दुसरा ट्रान्झिस्टर बसवला तर सॉफ्टवेअरची कोणतीही तपासणी ती चूक दाखवणार नाही. ती दिसते फलक तयार झाल्यावर. निर्मात्याचे माहितीपत्रक शेजारी उघडे ठेवणे, हाच त्यावर उपाय.

घरी फलक बनवणाऱ्यांसाठी

छपाईची सोय ही निवडीची कसोटी म्हणून सहसा विचारात घेतली जात नाही. लेझर प्रिंटरने गुळगुळीत कागदावर छापून इस्त्रीने टोनर तांब्यावर उतरवणाऱ्यास आकृती १:१ प्रमाणात हवी. कीकॅडमध्ये हे प्रमाण, आरशातील प्रतिमा आणि छिद्रांच्या जागी लहान खूण या तिन्ही गोष्टी निवडता येतात. खालचा ताम्रथर पडद्यावर वरून आरपार पाहिल्यासारखा दिसतो. कागद तांब्यावर पालथा पडतो तेव्हा तो आपोआप सरळ होतो. म्हणून खालचा थर उलटा छापायचा नाही, वरचा छापायचा. नवशिके सावधगिरी म्हणून खालचाही उलटा करतात आणि मग आयसी फलकाच्या तांब्याच्या बाजूने बसवावी लागते. छापलेल्या कागदावर प्रत्यक्ष आयसी टेकवून पाहिली की प्रमाणाची शंका फिटते; तिच्या पायांतील अंतर २.५४ मिलिमीटर असते.

बाहेरून फलक करून घ्यायचा असल्यास गर्बर फाइल्स द्याव्या लागतात व येथे उल्लेखिलेली सर्व सॉफ्टवेअर त्या देतात. त्यामुळे गर्बर मिळते एवढ्यावर समाधान मानू नये. गर्बर म्हणजे छापलेले पान. दुरुस्ती करायची तर हस्तलिखितच लागते.

प्रयोगशाळेतील व्यवस्था

कीकॅडच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. विद्यार्थ्याच्या घरी नवी आणि महाविद्यालयात जुनी आवृत्ती असली की परीक्षेच्या आदल्या दिवशी हमखास गोंधळ उडतो. सत्राच्या आरंभी एक आवृत्ती निश्चित करून ती सर्व संगणकांवर बसवावी, तिची स्थापना-फाइल विद्यार्थ्यांनाही द्यावी आणि वर्षभर ती बदलू नये. प्रकल्प स्वीकारताना संपूर्ण फोल्डर, परिपथाकृतीची पीडीएफ व वापरलेल्या आवृत्तीचा क्रमांक ही तिन्ही घ्यावीत.