शेवटचे तीन बळी

३१ मार्च २००३. बॉस्टन रेड सॉक्सचा मोसमातला पहिलाच सामना, फ्लोरिडात, टँपा बे संघाविरुद्ध. पेड्रो मार्टिनेझनं सात इनिंगमध्ये फक्त एक धाव दिली होती. शेवटची, नववी इनिंग सुरू झाली तेव्हा बॉस्टन ४-१ असं पुढे होतं. तीन बळी मिळाले की सामना खिशात. एलन एम्ब्री आला, त्याच्या मागून चॅड फॉक्स आला, आणि कार्ल क्रॉफर्डनं फॉक्सचा चेंडू कुंपणापार धाडला. टँपा बे ६, बॉस्टन ४.

ही हार जिव्हारी लागली, कारण शेवटच्या इनिंगसाठी ठरलेला माणूस ठेवायचाच नाही, असं बॉस्टननं विचारपूर्वक ठरवलं होतं.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांना एक नियम आधी सांगायला हवा. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. बुमराची दोन षटकं शेवटासाठी राखून ठेवण्याची सोय तिथे नाही. सुरुवातीचा पिचर दमला की बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर जिथे हात मोकळे करतात त्या जागेतून, एकेक ताजा पिचर आणावा लागतो. त्यातला शेवटचा, आघाडी सांभाळून सामना मिटवणारा, तो क्लोजर.

क्लोजरचं महत्त्व वाढलं ते एका आकड्यामुळे. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी ‘सेव्ह’ची कल्पना मांडली आणि १९६९ पासून ती अधिकृत नोंद झाली. आघाडी जास्तीत जास्त तीन धावांची असताना यायचं, निदान एक इनिंग टाकायची आणि आघाडी न गमावता सामना संपवायचा, की एक सेव्ह जमा; ही त्यातली नेहमीची अट. १९८८ पासून ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रुसा डेनिस एकर्सलीला बहुतेक वेळा फक्त नवव्या इनिंगला आणू लागले. त्यांचं यश पाहून इतर संघांनीही तोच कित्ता गिरवला.

बिल जेम्स यांना यातली विसंगती खुपत होती. कॅन्ससमधल्या डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी असताना त्यांनी बेसबॉलच्या आकडेवारीवर लिहायला सुरुवात केली होती. त्यांचा मुद्दा सरळ होता. सातव्या इनिंगला सामना बरोबरीत, दोन धावपटू मैदानावर, आणि संघाचा सर्वांत चांगला राखीव पिचर मात्र बसून! तो येणार नवव्या इनिंगला, तीन धावांची आघाडी असताना. ती तर सामान्य पिचरही बहुधा टिकवतो. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टननं जेम्स यांना सल्लागार नेमलं. त्याच महिन्यात अवघ्या २८ वर्षांचा थिओ एपस्टाइन जनरल मॅनेजर झाला. आदल्या मोसमात ४० सेव्ह मिळवणाऱ्या उगेथ उर्बिनाला जाऊ दिलं गेलं आणि त्याची जागा एम्ब्री, माइक टिमलिन, रामिरो मेंडोझा, फॉक्स अशा अनेकांनी मिळून भरायचं ठरलं.

माझ्या मते विचार बरोबर होता, बांधणी चुकली. जेम्स यांचं गणित ‘सर्वोत्तम पिचर’ गृहीत धरतं. बॉस्टनकडे तसा पिचरच नव्हता. शिवाय राखीव पिचरला उठायचं कधी, हे थोडं तरी आधी ठाऊक असावं लागतं. खांदा गरम व्हायला वेळ लागतो आणि मन तयार व्हायला त्याहून जास्त. आज सहावी, उद्या नववी, परवा बोलावणंच नाही, अशा स्थितीत चांगला माणूसही बिचकतो.

मग डागडुजी सुरू झाली. मे अखेरीस शे हिलेनब्रँडच्या बदल्यात ॲरिझोनाकडून कोरियाचा ब्युंग-ह्युन किम आला आणि पुढे क्लोजर झाला. जुलैत सिनसिनाटीचा स्कॉट विल्यमसन आला. फलंदाजांनी त्या मोसमात ९६१ धावा केल्या, त्यामुळे संघ ऑक्टोबरमधल्या बाद फेरीपर्यंत पोहोचला. तिथे किमवरचा विश्वास उडाला होता, पण टिमलिन आणि एम्ब्री यांनी एकही धाव दिली नाही. तरीही १६ ऑक्टोबरला न्यूयॉर्क यँकीजविरुद्धच्या मालिकेतल्या निर्णायक सातव्या सामन्यात आठव्या इनिंगला ५-२ अशी आघाडी असताना मॅनेजर ग्रेडी लिटल यांनी दमलेल्या मार्टिनेझलाच ठेवलं. आघाडी गेली आणि अकराव्या इनिंगला ॲरन बूनच्या फटक्यानं सामनाही गेला. बुलपेन तोवर सुधारलं होतं. मॅनेजरचा त्यावर भरवसा बसला नव्हता. लिटल यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. टेरी फ्रँकोना आले.

आणि कीथ फुल्क आला. २००३ मध्ये ओकलंडसाठी ४३ सेव्ह, अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक. चेंडू वेगवान नव्हता. हात जोरात फिरायचा आणि चेंडू हळू यायचा, त्यात फलंदाज फसायचे. २००४ मध्ये त्यानं ८३ इनिंग टाकल्या, ३२ सेव्ह मिळवले. नववी इनिंग कोणाची हे ठरल्यावर टिमलिन आणि एम्ब्री यांची कामंही आपोआप ठरली. क्लोजर निवडण्याचा खरा फायदा हा आहे. शेवटचा माणूस पक्का झाला की त्याच्या आधीची रांग लावता येते.

१७ ऑक्टोबर २००४. पुन्हा यँकीज. मालिकेत बॉस्टन ०-३ असं मागे. चौथ्या सामन्याच्या सातव्या इनिंगला ३-४ अशी पिछाडी असताना फ्रँकोनांनी फुल्कला बोलावलं. सेव्ह मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आणखी एक धाव गेली असती तर मोसम संपला असता. फुल्कनं आठ बळी मिळवले, धाव एकही दिली नाही. जेम्स सांगत होते ते हेच! सलग तीन दिवसांत त्यानं १०० चेंडू टाकले. ०-३ वरून मालिका जिंकणारा बॉस्टन हा मेजर लीगमधला पहिला संघ ठरला. त्यानंतरच्या अंतिम मालिकेत, २७ ऑक्टोबरला सेंट लुईसमध्ये, शेवटचा चेंडू फुल्कच्याच हातात आला, त्यानं तो पहिल्या बेसकडे दिला आणि १९१८ नंतर प्रथमच बॉस्टन विश्वविजेता झाला. किंमत त्याच्या गुडघ्यांनी मोजली. २००५ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो फुल्क पुन्हा दिसला नाही.

बारा वर्षांनी क्लीव्हलंडचे मॅनेजर म्हणून फ्रँकोनांनी हाच धडा पुढे नेला. नववी इनिंग कोडी ॲलनला नेमून दिली, त्यामुळे अँड्रू मिलर मोकळा राहिला. सामना जिथे अडेल तिथे, कधी पाचव्या इनिंगलाही, मिलर यायचा. २०१६ च्या अमेरिकन लीग अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

२००४ च्या त्या चौथ्या सामन्याचं चित्रण आजही पाहायला मिळतं. नवव्या इनिंगला बॉस्टनच्या डेव्ह रॉबर्ट्सनं चोरलेला बेस सगळे पाहतात. तुम्ही त्याआधीची सातवी इनिंग पाहा. बुलपेनचं दार उघडून फुल्क येतो, तिथपासून.