चाकातला पहारेकरी

चाकातील हवा कमी झाली आहे हे चालकाला बहुधा फार उशिरा कळते. हल्लीचा रेडियल टायर तळाशी नेहमीच थोडा फुगलेला दिसतो, त्यामुळे पाव भाग हवा गेली तरी नजरेला फरक जाणवत नाही. पायाने टायर ठोकून पाहण्याची पद्धत तर निव्वळ समाधानासाठी आहे. म्हणून अनेक नव्या गाड्यांच्या चाकांत दाब मोजणारा संवेदक, म्हणजेच सेन्सर, बसवलेला असतो. हवा ठरावीक मर्यादेखाली गेली की चालकासमोर दिवा लागतो. प्रश्न उभा राहतो तो मालकाने हौसेने किंवा गरजेने चाके बदलल्यावर.

कुही आणि मांढळ हा मिरचीचा मुलूख. मिरचीची पोती भरून नागपूरला जाणारी एखादी पिकअप डोळ्यांसमोर आणू. मालकाने मूळची चाके काढून रुंद ॲलॉय चाके आणि जास्त थरांचे टायर बसवले आहेत. जुन्या चाकांतले सेन्सर जुन्या चाकांतच राहिले आणि समोर पिवळा दिवा लागला. आता त्या दिव्यावर चिकटपट्टी लावावी, की आणखी काही करावे?

आधी हा पहारेकरी बसतो कुठे ते पाहू. व्हॉल्वच्या आतल्या टोकाला, रिमला टेकून, आगपेटीपेक्षाही लहान अशी सुमारे ३० ग्रॅमची डबी असते. तिच्यात सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पडदा असतो. दाबाने तो वाकतो, त्याचे विद्युत गुणधर्म बदलतात, आणि ते मोजून रेडिओलहरींनी गाडीतल्या संगणकाला कळवले जाते. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो, नाहीतर शेजारच्या गाडीचा निरोपही आपलाच वाटला असता. बॅटरी आत कायमची बंद केलेली असते आणि साधारण ५ ते १० वर्षे टिकते. म्हणून जुना सेन्सर नव्या चाकात घालण्यापूर्वी त्याचे वय विचारात घ्यावे.

या डबीवर किती बळ येते, हे वरच्या वर्गासाठी चांगले उदाहरण आहे. गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. टायरची त्रिज्या ०.३३ मीटर धरली तर कोनीय वेग सेकंदाला ८४ रेडियन येतो. सेन्सर अक्षापासून ०.२ मीटरवर असेल, तर त्याचे अभिकेंद्री त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १४४ पट होते. ३० ग्रॅमच्या डबीला धरून ठेवायला सव्वाचार किलोच्या वजनाएवढे बळ लागते! नव्या रिमच्या व्हॉल्वच्या छिद्राचा कोन वेगळा असला आणि डबी रिमवर नीट टेकली नाही, तर हा सारा भार व्हॉल्वच्या दांडीवर येतो. चाके विकत घेतानाच सेन्सर त्यात बसवून पाहावा असे म्हणतात ते यासाठी. टायर उतरवताना पहार नेमकी व्हॉल्वजवळ घातली, तरी डबी फुटते. हे काम करणाऱ्याला आत सेन्सर आहे हे आधीच सांगितलेले बरे.

सेन्सर बसला की संगणकाला त्याची ओळख करून द्यावी लागते. काही गाड्या थोडे अंतर चालवल्यावर ती आपोआप होते, काहींना उपकरण लागते. ओळख पटली नाही तर अनेक गाड्यांत दिवा सुरुवातीला सुमारे मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर राहतो. हवा कमी असेल तर तो पहिल्यापासून स्थिर असतो. लुकलुकणे म्हणजे 'मला चाकाचा निरोप मिळत नाही', एवढाच अर्थ. काही गाड्यांच्या चाकांत सेन्सर नसतोच. हवा कमी झालेल्या चाकाची परिणामी त्रिज्या घटते, ते इतरांपेक्षा किंचित जलद फिरते, आणि ब्रेकयंत्रणेचे वेगमापक हा फरक टिपतात. युक्ती सुंदर आहे, पण चारही चाकांतली हवा सारखीच उतरली तर ती फसते. चाके बदलल्यावर तिलाही नवी सुरुवात करून द्यावी लागते.

एवढे सगळे केले तरी खरी मेख राहतेच. दिवा किती दाबावर लागावा हे संगणकात मूळ टायरसाठी लिहिलेले असते. अमेरिकेत २००० साली फायरस्टोन टायरांच्या अपघातांचे प्रकरण गाजले, त्याच वर्षी कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना ही यंत्रणा सक्तीची झाली. तिथल्या नियमाप्रमाणे शिफारस केलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर इशारा मिळतो. समजा, आपल्या पिकअपच्या मूळ टायरला ३६ पौंड हवा सांगितली होती. पौंड म्हणजे अर्थात दर चौरस इंचावरचा दाब. मग दिवा २७ पौंडांवर लागेल. जास्त थरांच्या नव्या टायरला तेवढेच ओझे पेलायला, समजा, ५० पौंड लागत असतील. तो २७ वर येईपर्यंत जवळजवळ निम्मी हवा गेलेली असेल, आणि दिवा मात्र शांत! मर्यादा बदलून घेता आली नाही, तर या दिव्यावर विसंबणे चिकटपट्टी लावण्याइतकेच घातक आहे.

हवा कमी असलेला टायर फुटतो का? प्रत्येक फेऱ्यात त्याच्या बाजू जास्त वाकतात आणि सरळ होतात. रबर सगळी ऊर्जा परत करत नाही, काही उष्णतेत जाते. तापलेल्या रबराची थरांवरची पकड सुटते. नागपूरहून सुरू होणारा समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत ११ डिसेंबर २०२२ ला आणि पूर्ण ७०१ किलोमीटर ५ जून २०२५ ला खुला झाला. अशा रस्त्यावर गाडी तासन्‌तास एकाच वेगाने धावते, टायरला निवायला सवड मिळत नाही. परिवहन विभागाने २०२३ मध्ये तिथे टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या, ते योग्यच झाले. पण नक्षी शाबूत असलेला टायरही कमी हवेवर तापतो.

आपल्याकडे उलटाच समज आहे: उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून कमी ठेवावी. गणित करून पाहू. वायूचा नियम लावताना दाबमापकाच्या आकड्यात वातावरणाचा दाब, सुमारे १४ पौंड, मिळवायचा आणि तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचे. विद्यार्थी नेमके हेच विसरतात. मागच्या चाकात ३० अंशांना ६० पौंड हवा आहे, म्हणजे निरपेक्ष दाब ७४. धावून आतली हवा ७० अंशांवर गेली, तर ७४ × ३४३ ÷ ३०३ = सुमारे ८४, म्हणजे मापकावर ७० पौंड. टायर बनवणाऱ्याने ही वाढ गृहीत धरलेली असते. चालकाने घाबरून हवा सोडून ६० केली, तर टायर निवल्यावर मापकावर जेमतेम ५१ उरतात. पुढच्या फेरीत तो जास्त वाकणार, जास्त तापणार. म्हणून हवा तपासायची ती थंड टायरची, निघण्यापूर्वी.

हाच नियम थंडीत उलटा दिसतो. ऑक्टोबरच्या दुपारी ३५ अंशांना ३२ पौंड भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना, कणभरही न गळता, सुमारे २८ पौंड होते. रबरातून महिन्याला पौंडभर हवा झिरपते ती वेगळीच. जानेवारीत पहाटे दिवा लागतो, टायर तापला की विझतो, आणि मालक सेन्सरला दोष देतो.

शाळेत हे पाहायला सेन्सरची गरज नाही. एप्रिलमध्ये सावलीत उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा दाब सकाळी ७ ला आणि दुपारी २ ला मोजावा, शेजारी तापमापी ठेवावी. सकाळी २४ अंशांना २८ पौंड असतील तर दुपारी ४१ अंशांना सुमारे ३०.४ यायला हवेत. दर वेळी मापक लावताना थोडी हवा निसटते, तेव्हा वाचन दोनदाच घ्यावे. आणि गाडीवर ऊन येणार नाही याकडे एका विद्यार्थ्याला लक्ष द्यायला सांगावे, कारण काळा टायर उन्हात तापला तर तापमापीचे तापमान आणि आतल्या हवेचे तापमान एकच उरत नाही.