फाटका बूट आणि चाकाचा सांधा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब मालगुंडला पुतण्याकडे गेलो होतो. मालगुंड हे कवी केशवसुतांचे जन्मगाव. त्यांचे स्मारक पाहायला आणि शेजारच्या गणपतीपुळ्याला लोक येत असतात. या प्रवाशांवर गावातल्या अनेक तरुणांची चूल पेटते. आमच्या पुतण्यानेही नोकरीची वाट पाहणे सोडले, कर्ज काढले आणि एक जुनी व्हॅन घेतली. सुट्टीचे दिवस म्हणजे त्याच्या कमाईचे दिवस.

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर बाजारात निघालो. गाडी गतिरोधकावरून उतरली की पुढच्या डाव्या चाकातून ‘टक’ असा आवाज येई. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, जुनी गाडी आहे, थोडी बोलणारच. मागे एका गॅरेजवाल्याने ग्रीस भरून दिलं होतं, तेव्हा आवाज गेला होता.” आम्हाला हे पटेना. आम्ही पेशाने कारकून. हिशेबात एक रुपया चुकला तरी तो कुठे गेला हे शोधल्याशिवाय वही मिटत नाही. म्हटले, चल, मिस्त्रीकडे जाऊ.

रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये आधीच एक पाहुणी उभी होती. दोन माणसांची, बुटकी, लाल रंगाची जुनी स्पोर्ट्स गाडी. पुढचे चाक काढलेले, खाली लोखंडी स्टँड. अशी गाडी आपल्याकडे क्वचित दिसते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या शेजारच्या गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी स्पोर्ट्स गाडी तयार झाली होती, पण अशा गाड्या रस्त्यावर थोड्याच आल्या. ही लाल गाडी दुसऱ्याच कुठल्या तरी बंद पडलेल्या कंपनीची होती. मालक हौशी गृहस्थ, फिरायला आलेले. त्यांच्या गाडीचे दुखणेही तेच, पुढच्या चाकात टकटक!

मिस्त्रींनी आम्हाला जवळ बोलावून चाकामागचा भाग दाखवला. आपल्या खांद्याचा सांधा कसा असतो? हाडाचा गोळा वाटीत बसतो, म्हणून हात सगळीकडे फिरतो. गाडीचा बॉल जॉइंट तसाच. पोलादी गोळा वाटीत बसवलेला असतो, आत ग्रीस असते. त्यामुळे चाक खड्ड्यात वर-खाली होते आणि स्टिअरिंग फिरवले की वळतेही. मारुती 800 सारख्या गाडीत दर बाजूला असा एक सांधा खाली असतो, तर अनेक स्पोर्ट्स गाड्यांत वर एक आणि खाली एक. या सांध्यावर रबराची टोपी असते, तिला गॅरेजात ‘बूट’ म्हणतात. ग्रीस आत ठेवायचे आणि धूळपाणी बाहेर ठेवायचे, एवढेच तिचे काम.

पण या एवढ्याशा रबरावर सगळे अवलंबून असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. वर जांभ्याची लाल धूळ आणि समुद्राची खारी हवा. उन्हाने, वयाने रबराला चिरा पडतात. एकदा बूट फाटला की ग्रीस बाहेर जाते, पाणी आणि माती आत शिरते. पाण्याने गंज चढतो, मातीने गोळा घासला जातो. सांधा ढिला होतो. सुरुवातीला खड्ड्यात टकटक ऐकू येते, मग गाडी रस्त्यावर भरकटल्यासारखी वाटते, टायर एका बाजूने जास्त झिजतो. तरीही दुर्लक्ष केले तर एके दिवशी गोळा वाटीतून निखळतो. चाक वाकडे पडते, गाडी एका अंगावर बसते आणि स्टिअरिंग हातात असूनही उपयोग उरत नाही. आरे-वारेच्या रस्त्यावर, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असताना असे झाले तर काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

लाल गाडीचे मालक घाईत होते. “मिस्त्री, जवळपास बसेल असा दुसऱ्या गाडीचा जॉइंट टाका. मला संध्याकाळी निघायचंय. पैसे जास्त घ्या.” मिस्त्री शांतपणे म्हणाले, “साहेब, जवळपास बसणारा नको, बरोबर बसणारा पाहिजे. ह्याचा दांडा निमुळता असतो. उतार थोडा जरी वेगळा असला तरी नट आवळल्यावर घट्ट वाटेल आणि आतून हलत राहील. जुना जॉइंट घेऊन रत्नागिरीला जातो, मापाला माप लावतो. दोन दिवस लागतील. तुम्ही एसटीने जा.” साहेब कुरकुरले, पण गाडी ठेवून गेले.

मग आमच्या व्हॅनची पाळी आली. मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू उचलून स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर ठेवून मिस्त्री कधी खाली शिरत नाहीत. चाक वर आणि खाली धरून हलवले. पुतण्याचा हात सांध्यावर ठेवला होता. त्याला ‘टक’ हाताला लागली. बूट फाटलेला होता आणि आतले ग्रीस लाल चिखल झाले होते. गॅरेजवाल्याने फाटक्या बुटातून ग्रीस भरले होते, त्याने काही दिवस आवाज झाकला, रोग तसाच राहिला.

पुतण्या म्हणाला, “नुसता बूट बदला ना.” मिस्त्रींचे उत्तर सगळ्यांनी लक्षात ठेवावे. सांधा घट्ट असेल आणि ग्रीस स्वच्छ असेल, तर नुसता बूट बदलून भागते. माती आत गेली असेल, तर नव्या बुटात जुना रोग बंद केल्यासारखे होते. तेव्हा सांधाच बदलावा, आणि दुसऱ्या बाजूचाही त्याच वेळी तपासावा.

अडचण अशी की दुसऱ्या दिवशी पहाटे एका कुटुंबाला रत्नागिरीला सोडायचे भाडे ठरले होते. दोन लहान मुले बरोबर. पुतण्या आमच्याकडे पाहू लागला. कर्जाचा हप्ता तोंडावर होता. आम्ही म्हणालो, “भाडं बुडालं तर ते आम्ही वहीत लिहू शकतो. ती मुलं कुठल्या रकान्यात लिहायची?” त्याने फोन करून भाडे दुसऱ्या गाडीवाल्याला दिले.

दोन दिवसांनी काम झाले तेव्हा आम्ही शेजारीच बसून होतो. काही गाड्यांत सांधा खालच्या हातासकटच येतो, काहींत बोल्टने लावलेला असतो, काहींत दाबून बसवलेला. दाबून बसवायचा असेल तर तो प्रेसवर बसवावा, गोळ्यावर हातोडा घालू नये. निमुळता दांडा सोडवायला पुलर वापरावा. दोन पायांचा पाचर ठोकला तर बूट फाटतो, म्हणून तो जुना सांधा फेकायचाच असेल तरच चालतो. नवीन नट किंवा पिन लावावी, जुनी परत वापरू नये. नट कंपनीने सांगितलेल्या मापाने, टॉर्क पान्याने आवळावा. शेवटी चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी, नाहीतर नवे टायर वाकडे झिजतात. त्याच संध्याकाळी लाल गाडीही आपल्या पायांवर उभी राहिली. हौसेची गाडी असो की पोटाची, गोळा आणि वाटी तीच.

रात्री पुतण्याने वही काढली. बूट फाटला तेव्हाच बदलला असता तर तो या कामातला सर्वांत स्वस्त भाग होता. उशीर केल्यामुळे सांधा, मजुरी, अलाइनमेंट आणि बुडालेले भाडे असा खर्च झाला. आम्ही त्याला वहीत एक नवा रकाना आखून दिला: ‘दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बूट पाहणे.’

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्यापैकी कोणी रिक्षा चालवतो, कोणी व्हॅन, कोणी शाळेची जीप. लग्नकार्याला आपण भाड्याची गाडी करतो, तेव्हा भाड्यावर घासाघीस करतो, पण चाकातून आवाज येतो का हे विचारत नाही. यापुढे विचारा. चालक ओळखीचा असला तर जास्तच विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि आईबहिणींनो, घरातला मुलगा “जुनी गाडी आहे, आवाज येणारच” असे म्हणाला, तर त्याला त्याच दिवशी मिस्त्रीकडे पाठवा.

ते कुटुंब दुसऱ्या गाडीने सुखरूप पोहोचले. परत जाताना मात्र त्यांनी आमच्या पुतण्यालाच बोलावले. गतिरोधकावर गाडी उतरली तेव्हा पुतण्याने मुद्दाम कान दिला. आवाज आला नाही.